बत्तीस अक्षरं, दोन ओळी

माहितीपट एक्कावन्न मिनिटांचा.
पुतू कोंकणीत बोलणार, मी त्याला मराठीत आणायचं,
पडद्याच्या तळाशी, ओळीत बत्तीस अक्षरं, ओळी दोन,
चार सेकंदांत वाचून व्हायला हवं.
चाळीस वर्षं पणजीच्या छापखान्यात मुद्रितं तपासली.
ऱ्हस्व-दीर्घापलीकडे जगात काही बुडत असतं
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पुतू चोडणचा. मानशीवर असतो.
खाजनाच्या बांधात जे लाकडी दार असतं,
भरतीला मिटणारं, ओहोटीला उघडणारं,
त्याला इथे मानस म्हणतात.
कोश काढला. मानस: मन, हेतू, अंतःकरण.
इझाल्टिनाच्या प्रबंधात तेच ‘जलनियामक द्वार’,
पान एकशेबारा, खाली तळटीप,
आणि तळटिपेला पुन्हा एक तळटीप.
सोयरू दिग्दर्शक. म्हणाला, झडप लिहा बाई, लोकांना कळेल.
झडप लिहिलं.
शुद्ध होतं. बरोबर नव्हतं.

एके ठिकाणी पुतू म्हणतो,
“उदक विचारून येना.”
मी लिहिलं: पाणी परवानगी मागत नाही.
परवानगी हा त्याचा शब्द नव्हे, कचेरीतला;
माझ्या हाताशी कुठून आला कोण जाणे.
मग तो बराच वेळ गप्प. कॅमेरा त्याच्या पावलांवर.
गप्प राहण्याला उपशीर्षक नसतं,
मी जागा कोरी सोडली.
सोयरूने तिथे सतार घातली.

खेळ लावला देवळामागच्या सभागृहात, अमावास्येला,
अंधार चांगला मिळतो म्हणून.
अमावास्येची भरती कुणी हिशेबात धरली नव्हती.
म्हणजे, एकाने धरली होती.

तिसऱ्या रांगेत इस्त्रीचा सदरा घालून पुतू,
समोर त्याचाच हात, दाराएवढा.
एकतिसाव्या मिनिटाला तिवरांत अडकलेलं प्लास्टिक आलं,
लोक चुकचुकले,
आणि तो उठला.
पणजीहून आलेले प्राध्यापक हळूच म्हणाले, भारावला असेल.
पडद्यावरचा पुतू बोलत राहिला,
दुसरा पायरीवर आपल्या चपला शोधत होता.

मी मागून गेले. इझाल्टिनाही, मोबाइलचा उजेड धरून.
मानशीची एक फळी खालून किड्यांनी खाल्लेली,
तिथून खारं पाणी शेताकडे सरकत होतं
काही घाई नसल्यासारखं.
पलीकडे कोरगूट पोटरीला आलेलं.
पुतूने पेंढा कोंबला, वाहून गेला.
चिखल थापला, सुटला.
“जाड किदें तरी हाड.”

इझाल्टिना पळत गेली
आणि सभागृहाच्या दारावरचा फ्लेक्स सोडून घेऊन आली,
सहा बाय चार, वर माहितीपटाचं नाव, खाली आमची.
त्याने चार घड्या केल्या, भोकात सारला,
चिखल लावून टाचेने दाबला.
सोयरूचं आडनाव शेवटपर्यंत बाहेर होतं.
मग तेही गेलं.
“आत्ता आत आपण याच्याविरुद्ध बोलतोय,” इझाल्टिना म्हणाली,
गुडघ्यापर्यंत चिखलात.
“फाल्यां काडटां,” पुतू म्हणाला.

सभागृहाकडून पाण्यावरून आवाज आला, त्याचाच:
उदक विचारून येना.
मग सतार.
“तें किदें वाजता?”
तुम्ही गप्प बसलात ना, तिथे घातलीय, मी म्हटलं.
टाच न उचलता तो जरा थांबला.
“तेन्ना हांव आयकतालों.”

सकाळी फाइल उघडली.
झडप खोडलं, मानस लिहिलं.
कुणाला कळलं नाही तर चार सेकंद न कळो.
परवानगीही काढली.
सतारीखालच्या कोऱ्या जागेत लिहिलं:
तो ऐकतो आहे.
सहा अक्षरं. बाकीची राहू दिली.

नरकचतुर्दशी होऊन गेली.
फ्लेक्स अजून तिथेच आहे.